गोलातलं वजाचं चिन्ह

तमाम नागरिकांना, विशेषतः आमच्या गल्लीतल्या कान टवकारून बसलेल्या मंडळींना, कळविण्यास अत्यंत गांभीर्य वाटते की, आज सकाळी आमच्या घरच्या कूलरला नवं गवत बसवण्यात आलेलं आहे. पाण्याची पहिली बादली ओतली गेली, पंखा खडखडला, ओल्या वाळ्याचा पहिला झोत खोलीत शिरला आणि उपस्थितांपैकी एका व्यक्तीचे हातपाय तत्क्षणी गार पडले. सदर व्यक्ती म्हणजे मी. कुणीही घाबरू नये. घाबरण्याचं काम मी एकटी समर्थपणे पार पाडते आहे.

हसा खुशाल. वाळ्याच्या वासानं लोकांना मामाचं गाव आठवतं, माठातलं पाणी आठवतं, दुपारची झोप आठवते. मला एक नारळाएवढी मोटर आठवते, जी आमच्या हातातून सुटली होती. आणि तिच्या मागोमाग एक घर आठवतं, ज्यात कुणी कुणाला ‘नाही’ म्हणत नव्हतं.

काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात मी पंचेचाळिशी ओलांडून कंट्रोल सिस्टिम्स शिकत होते. त्याच उन्हाळ्यात आमच्या आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, वाचा गेली. ती परत येईल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही असं कुठलाही शहाणा माणूस सांगेल. मी शहाण्या माणसांशी वाद घालत नाही. पण माझ्या अंगात त्या दोन्ही भीती एकाच वाऱ्यावर बसून येतात, त्याला मी काय करू?

शिकायला मी गेले कशी, ते आधी सांगते. मी वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकल पॅनेलचं वायरिंग करते. मोठाली लोखंडी कपाटं, आत तारांची जंगलं. शेजारच्या टेबलावर नसरीन. शहागंजची. तिचे हात इतके चपळ की तारा आपण होऊन जागेवर जाऊन बसतात असं वाटावं. एके दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. बिडकीनकडं नवे कारखाने उभे राहतायत, आपली पॅनेलं तिकडं जाणार, नुसत्या तारा जोडून भागायचं नाही, मशीन ताळ्यावर आणणारं माणूस पाहिजे, संध्याकाळचा एक कोर्स आहे, कोण जाणार? नेमकं त्याच क्षणी मी हात वर केला. मला फक्त ‘पंखा वाढवा’ एवढंच म्हणायचं होतं. नसरीननं माझा हात खाली ओढायला स्वतःचा हात वर केला. मालकांनी दोन्ही हात पाहिले, टाळ्या वाजवल्या आणि पंखा न वाढवता निघून गेले.

“सुलभा,” नसरीन म्हणाली, “तू तो मरेगी, मेरे कू बी लेके मरेगी.”

घरी मी ही बातमी साजेशा थाटात सांगितली. पदर खोचला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, “आत्याबाई, साऱ्या मराठवाड्यातून मला निवडलंय. कंट्रोल शिकायला.”

“नाय,” आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाईंचं प्रत्येक वाक्य ‘नाय’पासून सुरू व्हायचं. बिडकीनच्या अलीकडच्या एका खेड्यात त्यांचा जन्म गेला. तिथली बोली, तिथला ताठा आणि तिथलं ‘नाय’ असा सगळा बिऱ्हाडबाजार घेऊन त्या सिडकोतल्या आमच्या घरी आल्या होत्या. भाजी तिखट म्हटलं की नाय, फिक्की म्हटलं की नाय. ऊन आहे म्हटलं तरी एकदा नाय म्हणून मग खिडकीतून बघायच्या.

“नाय. साऱ्या मराठवाड्यातनं कशापायी निवडतील? दोघी-तिघी असाल तिथं. आन् कंट्रोलचं काय शिकायचं असतंय? रांगेत हुबं ऱ्हायचं, पिशवी धरायची. माझी हयात गेली कंट्रोलच्या तांदळावर.”

हे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान नव्हे, हे पटवून देण्यात आमचा रविवार गेला.

मला फुगवून सांगायची खोड आहे, हे तुमच्या एव्हाना लक्षात आलंच असेल. उंदीर दिसला की माझी मांजर होते, मांजरीची वाघीण. आत्याबाईंनी हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि तेव्हापासून त्या माझ्या प्रत्येक गोष्टीतून योग्य तेवढा भाग कापत आल्या. कोर्सच्या पहिल्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं, “आत्याबाई, तिथं हत्तीएवढी मोटर आहे!”

“हत्ती नाय,” त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या. “वगारीएवढी असंल.”

“बरं, वगारीएवढी.”

“नाय. शेरडाएवढी.”

होती नारळाएवढी. शेवटी आम्ही नारळावरच आलो. आमच्या घरात सत्य असं टप्प्याटप्प्यानं खाली उतरून मग जमिनीला लागायचं.

शिकवायला जोंधळे सर होते. अतिशय हळू बोलायचे, जणू शब्दाला तडा जाईल. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक गोल काढला. गोलात डावीकडून एक बाण आला, त्याच्याजवळ अधिकचं चिन्ह. खालून दुसरा बाण आला, त्याच्याजवळ बारीकसं वजाचं चिन्ह. ते म्हणाले, “डावीकडचा बाण म्हणजे आपल्याला काय हवंय. खालचा बाण म्हणजे खरं काय चाललंय, त्याचा परत आलेला निरोप. हवं ते वजा आहे ते. जे उरेल, तेवढंच यंत्राला ढकलायचं. सगळा विषय एवढाच आहे.” मग खडू खाली ठेवून म्हणाले, “हे वजाचं चिन्ह लहान दिसतं. ते विसरलात, तर यंत्र तुमचं राहणार नाही.”

हवं ते वजा आहे ते. मला हे वाक्य ऐकून उगाचच भरून आलं. नसरीननं मला कोपर मारलं. “रो मत. अबी तो पैला दिन है.”

पण मला मनातून ते वजाचं चिन्ह आवडेना. अधिक म्हणजे शुभ, वजा म्हणजे घट. आपल्याकडं घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. दिवा विझवतो म्हणत नाहीत. आणि हे सर म्हणतात, निरोप उलटा यायला हवा, निगेटिव्ह हवा, तरच सगळं सुरळीत. नसरीननं त्याचा उलगडा तिच्या पद्धतीनं केला. “कोरोना में निगेटिव आया तो मिठाई बाटी थी ना? वैसाइच समझ.”

तरीही जे व्हायचं ते झालंच.

त्या दिवशी आम्हाला मोटरवर पहिला प्रयोग करायचा होता. मोटरच्या शेपटीला एक चिमुकलं यंत्र बसवलेलं. मोटर किती पळते त्याचा निरोप ते दोन तारांतून मागं पाठवतं. त्या संचात निरोप वजा व्हावा म्हणून लाल तार मुद्दाम काळ्या खुंटीला लावायची होती. सरांनी सांगितलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं, आम्ही माना डोलावल्या होत्या. पण आमचे हात! लाल ते लाल, काळं ते काळं, हे आमच्या वर्कशॉपचं वेदवाक्य. झोपेतून उठवून तारा हातात दिल्या तरी आम्ही लालला लालच जोडू. तशीच जोडली. दोघींनी मिळून, एकमेकींना शाबासकी देत.

बटण दाबलं. मोटर गुणगुणली. मग गुणगुण चढली, शिट्टी झाली, शिट्टीची किंकाळी झाली. टेबल थरथरायला लागलं. टेबलावरचा पाण्याचा पेला चालत चालत कडेला निघाला. मी बटण फिरवून वेग कमी करू बघत होते आणि तिला माझी पर्वाच नव्हती. गरम वार्निशचा वास सुटला. मला स्पष्ट जाणवलं की ही आता थांबणार नाही. थांबायचं कारणच हिच्याजवळ उरलेलं नाही.

“या अल्ला, ये तो भाग गई!” नसरीन ओरडली.

जोंधळे सर आले आणि त्यांनी तळहातानं लाल मोठं बटण दाबलं. किंकाळी उतरत उतरत गेली. खोलीत कूलरचा आवाज तेवढा राहिला. नवं गवत होतं त्याला.

“कळलं?” सर हळूच म्हणाले. “ती जेवढी पळाली, तेवढं तुम्ही तिला शाब्बास म्हणालात. ती आणखी पळाली. तुम्ही आणखी शाब्बास म्हणालात. कुणीतरी ‘पुरे’ म्हणायला हवं होतं.”

त्या संध्याकाळी आत्याबाईंना मी सांगितलं की कॉलेजचं छप्पर उडालं. त्यांनी ते पेल्यापर्यंत खाली आणलं. त्यांची तशी ती शेवटची कापाकापी.

पुढच्याच आठवड्यातली सकाळ. कूलर चालू, गॅसवर चहाचं आधण. मी रोजच्यासारखी आतूनच ओरडले, “आत्याबाई, आज साखर नकोच ना?” ही माझी युक्ती होती. साखर घालू का विचारलं की नाय, म्हणून मी उलटंच विचारायचे. नको म्हटलं की त्या ‘नाय, घाल’ म्हणायच्या आणि दोघींचं काम व्हायचं.

त्यांच्या खोलीतून ‘नाय’ आलं नाही.

मी दारात गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या. माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून.

घाबरणं म्हणजे काय, हे मला मोटरनं शिकवलं असं मी वर म्हटलं असेन तर ते खोटं आहे. ते मला त्या होकारानं शिकवलं. ओठाची एक बाजू किंचित खाली आली होती, ती मला नंतर दिसली. आधी दिसला तो होकार. आमच्या ह्यांनी त्यांना उचललं, शेजारच्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जिवाची भीती टळली. हातात थोडी ताकद येईल. बोलण्याचं सांगता येत नाही. येईल, न येईलही. तुम्ही मात्र त्यांच्याशी बोलत राहा.

घरी आणल्यावर मी विचारलं, “पाणी हवं?” मान हलली, हो. “पाणी नको?” हो. “आज पुनव ना?” हो. “अमावस्या ना?” हो. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, आणि आमच्याकडं पाण्याचा दिवस नसल्यामुळं नळाचा आवाजही आला नाही. माझंच हुंदके देणं सगळ्या घराला ऐकू गेलं.

मग घर सुटलं. एकदम नाही, मोटरसारखंच, आधी गुणगुणत. आईला बरं वाटावं म्हणून ह्यांनी टीव्हीवर भजनं लावली. त्या आवाजावर आम्ही जरा मोठ्यानं बोलू लागलो. आमच्या बोलण्यापुढं आईला ऐकू जात नसेल म्हणून ह्यांनी आवाज वाढवला. मग आम्ही आणखी मोठ्यानं. काही दिवसांनी आम्ही दोघं नवरा-बायको एका खोलीत बसून, एकमेकांवर काडीचा राग नसताना, मैदानावर ओरडावं तसे ओरडत होतो. “आवाज कमी करा रं मेल्यांनो,” हे वाक्य या घरात रोज बोललं जायचं, आणि ते बोलणारी तिथंच बसून मान हलवत होती. चहात साखर चढत गेली. नसरीन भेटायला आली, एक घोट घेतला आणि म्हणाली, “ये चाय है कि शरबत?” मला चव कळेनाशी झाली होती. कुणी काही म्हणतच नव्हतं.

नसरीन पलंगाजवळ बसली. “अम्मा, पैचाना मेरे कू?” हो. “मैं कौन, नसरीन?” हो. “के सुलभा?” हो. ती उठून माझ्यामागं स्वयंपाकघरात आली.

“सुलभा,” ती म्हणाली, “तेरी सास का तार किसी ने लाल कू लाल जोड दिया.”

परीक्षा जवळ आली होती. मी पलंगाच्या पायथ्याशी बसून आलेख काढायची. त्या विषयात कागदाच्या मधोमध एक उभी रेघ असते. यंत्राचा स्वभाव दाखवणारे बिंदू तिच्या डावीकडं असले तर हेलकावा बसला तरी यंत्र निवतं, आपल्या जागी येतं. उजवीकडं एकजरी गेला तरी हेलकावा वाढतच जातो. मी पेन्सिलीनं बिंदू मांडायची आणि ते हळूहळू रेघेकडं सरकायचे. मला कागदाचीच धास्ती वाटायला लागली. पलंगावरून येणारा श्वास मी ऐकत राहायची, आणि एका गणितातला बिंदू रेघ ओलांडून गेला की मी तो खोडून टाकायची, गणित चुकलं तरी चालेल म्हणून.

आणि मी त्यांच्याशी बोलत होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. दिवसभराच्या गोष्टी सांगायची. पण मला एक भलतंच जाणवू लागलं. गोष्ट सांगताना मी थोडी फुगवायची आणि थांबायची, कात्रीची वाट बघत. कात्री यायची नाही. मान हलायची. मग मी आणखी फुगवायची. रिक्षा उलटली. हो. दोन उलटल्या. हो. दिल्ली दरवाजा कोसळला. हो. माझ्या स्वतःच्या गोष्टींची मला भीती वाटू लागली. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी रंगवून सांगते आणि आत्याबाई मोडता घालतात. खरं म्हणजे त्या होत्या म्हणून मी बिनघोर रंगवत होते. जमीन आहे हे ठाऊक असलं की माणूस उडी मारतो.

आता मी बिडकीनला नव्या मशिनी चालू करायला जाते. तिथली तरुण पोरं घाईत असतात. “मॅडम, मारा ना स्टार्ट!” मी मारत नाही. आधी वीज बंद ठेवून मोटरचा दांडा हातानं फिरवते आणि परत येणारा निरोप मीटरवर बघते. काटा कुणीकडं कलतो? विरुद्ध आला तरच पुढं. पोरं मला चिडवतात, मॅडम मशीनची दृष्ट काढतात म्हणून. काढते खरी. ही सवय त्या परीक्षेतली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. चष्म्यावरून बघणारे. समोर तीच मोटर. माझे हात गार, आणि कूलरचा झोत नेमका मानेवर. मी लाल तार उचलली. हात आपोआप लाल खुंटीकडं निघाला. मी तो थांबवला. तार खाली ठेवली. मोटरचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला, मीटरचा काटा पाहिला, आणि लाल तार काळ्या खुंटीत घातली. बटण दाबलं. मोटर गुणगुणली, किंचित चढली, किंचित उतरली, आणि स्थिर झाली. परीक्षकांनी बोटानं तिला जरा अडवून पाहिलं. ती पुन्हा आपल्या वेगावर आली.

“हा निगेटिव्ह फीडबॅक काढून घेतला तर काय होईल?” त्यांनी विचारलं.

मला उत्तर पाठ होतं. तोंडातून दुसरंच निघालं. “घर सुटेल, सर.”

“घर?”

“मोटर, सर. मोटर सुटेल.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “ठीक,” ते म्हणाले. “पुढचा.”

एवढंच. याच्यावर एक शब्द नाही.

नसरीनचंही चांगलं झालं. आम्ही दोघी औरंगपुऱ्यातून पेढे घेऊन घरी आलो. टीव्ही ओरडत होता, मी तो बंद केला. आमचे हे दचकून बाहेर आले. आत्याबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, पदर खोचला.

“आत्याबाई, पास झाले.”

मान हलली. हो.

“परीक्षक उठून उभे राहिले.”

हो.

“टाळ्या वाजवल्या त्यांनी. सगळ्या कॉलेजनं वाजवल्या.”

हो.

मागून नसरीन म्हणाली, “ए, झूट कायकू…” आणि मग तिनं माझा चेहरा पाहिला असावा. ती पुढं आली. “हां अम्मा,” म्हणाली, “मैं वहींच थी. सब खडे थे.”

हो.

माझा आवाज चढत होता. मला तो ऐकू येत होता, शिट्टीसारखा. थांबायचं म्हटलं तरी थांबता येईना. फोन आले म्हटलं. मुंबईहून आले. हो. दिल्लीहून आले. हो. पलीकडं आमचे हे दाराला धरून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतही तेच होतं जे मोटर सुटली तेव्हा नसरीनच्या डोळ्यांत होतं. मी हात पसरले.

“आणि आत्याबाई, जोंधळे सर म्हणाले, हिची मिरवणूक काढा! क्रांती चौकातून, औरंगपुऱ्यातून, थेट सिडकोपर्यंत! पुढं ताशे, मागं सगळं शहर, आणि मी मधोमध, हत्तीवर!”

मान हलू लागली. आणि अर्ध्यात थांबली.

कपाळावर एक आठी आली. ती आठी मी ओळखत होते. तिच्यात माझं सगळं लग्न गेलं होतं. डाव्या हातानं त्यांनी चादर घट्ट धरली. ओठ हलले, वाकडे झाले, परत जुळले. खोलीत फक्त कूलर चालू होता. आणि मग, जीभ जड, शब्द बोजड, पण आवाज असा की शेजारणीनं भिंतीपलीकडून “काय झालं?” म्हणून विचारावं, आत्याबाई ओरडल्या,

“हत्ती… नाय!”